साथीच्या रोगांचे गणित आणि त्याचे उच्च शिक्षण

हिंदुस्थानातील एका खेड्यात पटकीची साथ झाली. गावात २२३ घरे होती. घरवार नोंद पाहिली असता १६८ घरांत एकही रोगी नव्हता, ३२ घरांत प्रत्येकी एक, १६ घरांत प्रत्येकी दोन, ६ घरांत प्रत्येकी तीन आणि एका घरात चार रोगी होते. सर्व मिळून रोगी ८६. एवढ्या पाच आकड्यांवरून काही सांगता येईल काय, असा प्रश्न अँडरसन मॅकेंड्रिक नावाच्या एका डॉक्टरापुढे होता. १९२६ साली एडिंबरो येथील गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले.

त्यांचा विचार समजण्यास अवघड नाही. सर्व २२३ घरांना रोगाचा धोका सारखाच होता असे धरले आणि ८६ रोगी या घरांत केवळ योगायोगाने विखुरले असे मानले, तर संभाव्यतेच्या नियमानुसार सुमारे १५२ घरे कोरी राहावयास हवी होती, एक रोगी असलेली घरे ५८ च्या आसपास हवी होती आणि तीन किंवा अधिक रोगी असलेली घरे एकदोनच निघावयास हवी होती. प्रत्यक्षात कोरी घरे १६८, एक रोगी असलेली घरे ३२ आणि तीन वा अधिक रोग्यांची घरे ७. म्हणजे रोग गावभर सारखा पसरला नव्हता. तो काही घरांत दाटला होता. मग मॅकेंड्रिक यांनी उलटा हिशेब मांडला. रोग ज्या घरांत शिरला तेवढ्याच घरांचे आकडे घेऊन, धोक्यात एकूण किती घरे असावीत हे त्यांनी काढले. उत्तर आले ९३. त्यांपैकी ३७ घरे धोक्यात असूनही सुदैवाने सुटली असावीत. उरलेल्या सुमारे १३० घरांना मुळात धोकाच नव्हता. ९३ घरे धरून केलेली गणना ३४, १६, ५, १ अशी येते आणि नोंदीतील आकडे ३२, १६, ६, १ असे आहेत. यावरून त्यांनी अनुमान काढले की रोग बहुधा पाण्यावाटे पसरला, गावात विहिरी एकाहून अधिक असाव्यात आणि दूषित झालेल्या एका विहिरीचे पाणी ९३ घरे पीत असावीत.

येथे ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गणिताने विहिरीतील जंतू दिसत नाहीत. परंतु गावातील सर्व विहिरींवर एकदम धावाधाव करण्याऐवजी आधी कोणत्या पाणवठ्याची घरे मोजावीत, हे त्यातून कळते. ज्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक दररोज टीसीएल पावडर टाकून पाण्याची ओ.टी. चाचणी घेतो, तिच्या सदस्यांना या अनुमानाची किंमत वेगळी सांगावयास नको.

जीवशास्त्र आणि वैद्यक यांना गणित लावणे म्हणजे काय, हे या उदाहरणावरून सहज ध्यानात येते. हा आता पदवी व पदव्युत्तर अभ्यासाचा एक स्वतंत्र विषय झाला आहे. त्याला कोठे गणितीय जीवशास्त्र, कोठे जीवसांख्यिकी, तर कोठे गणकीय जीवशास्त्र म्हणतात. नावे वेगळी असली आणि प्रत्येकाचा भर निराळा असला, तरी मूळ एकच. गणित आणि जीवशास्त्र यांची फारकत शाळेतच करून टाकण्याची आपल्याकडील सवय पाहता, हा विषय शिक्षकांच्या कानी घालणे अगत्याचे आहे.

मॅकेंड्रिक हे शिक्षणाने गणिती नव्हते. ते भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर. १९०१ मध्ये ते रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर हिवतापाच्या कामासाठी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे गेले होते. रॉस म्हणजे १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधणारे आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे शास्त्रज्ञ. त्यांना स्वतःला गणिताचा मोठा नाद होता. डास समूळ नष्ट करता येणार नाहीत, तेव्हा डासनिर्मूलन व्यर्थ आहे, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई. त्यावर त्यांनी गणिताने दाखविले की माणशी डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली म्हणजे पुरे. मग हिवताप आपोआप मावळत जातो. एवढ्या विचाराने सरकारी खर्चाचा हिशेबच बदलतो. अशक्य उद्दिष्टाच्या जागी गाठता येण्याजोगा आकडा येतो. त्यांच्या सहवासात मॅकेंड्रिक यांना गणिताची गोडी लागली आणि कसौली येथील पाश्चर संस्थेत श्वानदंशावरील उपचारांचे काम सांभाळीत त्यांनी ते आपल्या हिमतीवर वाढविले. १९२० मध्ये ते एडिंबरोला परतले व तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

त्या प्रयोगशाळेत विल्यम कर्मॅक नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोग करीत असता स्फोट होऊन त्यांची दृष्टी कायमची गेली. वय अवघे २६. त्यांनी काम सोडले नाही. समीकरणे मनात धरून ते पुढे नेत असत. या दोघांनी मिळून १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जो निबंध ठेवला, तो साथींच्या गणिताचा पाया मानला जातो. आणि त्या निबंधात प्रत्यक्ष उदाहरण म्हणून जो एक आलेख आहे, तो मुंबईचा आहे.

मुंबईत प्लेगचे निदान प्रथम सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात झाले. ते करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. पुढल्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. साथ दरवर्षी परत येत राहिली. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील मुंबई बेटावरील प्लेगच्या मृत्यूंचे आठवडेवार आकडे घेतले. आलेख हळूहळू चढतो, एप्रिलच्या मध्यास आठवड्याला सुमारे ९०० मृत्यूंच्या शिखरावर पोहोचतो आणि तितक्याच शिस्तीने उतरतो. त्यांच्या सूत्राने काढलेली रेघ या टिंबांवरून जवळजवळ चपखल जाते. त्या रेघेखालील बेरीज केली तर एकट्या त्या हंगामातील मृत्यू नऊ हजारांच्या घरात जातात.

सूत्रामागील कल्पना अशी. लोकसंख्येचे तीन गट करावयाचे : रोग होऊ शकेल असे, रोगी, आणि बरे होऊन किंवा मृत्यूने साखळीबाहेर गेलेले. रोगी व निरोगी यांच्या संपर्काने पहिल्या गटातून दुसऱ्यात भर पडते, काळ जाईल तसे दुसऱ्यातून तिसऱ्यात. एक रोगी सरासरी एकाहून अधिक जणांना रोग देत असेल तर साथ चढते. एकाहून कमी जणांना देऊ लागला की उतरते. सर्वांनाच रोग होऊन गेल्यावर साथ थांबते असे नाही. रोग होऊ शकेल अशांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की ती मावळू लागते. लसीकरणाचे लक्ष्य याच उंबरठ्यावरून ठरते. गोवराचा एक रोगी, कोणासही प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत, १२ ते १८ जणांना रोग देतो असे धरतात. पंधरा धरले, तर पंधरांपैकी चौदांना संरक्षण मिळाले तरच साखळी तुटते. म्हणजे शेकडा ९३ हून थोडे अधिक. गोवराच्या लसीचे उद्दिष्ट शेकडा ९५ ठेवतात त्याचे मूळ येथे आहे. शंभरांपैकी ऐंशी मुलांना लस टोचली म्हणजे काम झाले असे समजणाऱ्या गावात गोवर का फिरून येतो, याचे उत्तर देण्यास त्रैराशिकाइतके गणितही पुरते.

तथापि मुंबईच्या त्या आलेखाची कथा एवढ्यावर संपत नाही, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने पुढला भागच अधिक मोलाचा आहे. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. पिसवांवाटे तो माणसाला होतो. सूत्रात उंदीर नाहीत, पिसवा नाहीत, ऋतूही नाही. कर्मॅक व मॅकेंड्रिक यांना याची पूर्ण जाणीव होती. आपली रेघ ही ढोबळ मानाने जुळणारी आहे, असे त्यांनी निबंधातच नमूद केले. परंतु पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला आणि सावधगिरीचा शब्द मागे ठेवला. मुंबईचा प्लेग वर्षानुवर्षे त्याच महिन्यांत चढत व उतरत होता. लोकांतील रोगक्षम गट संपल्यामुळे तो दरवेळी उतरत असता, तर पुढल्या हिवाळ्यात पुन्हा आला नसता. उन्हाळ्याच्या झळांत पिसवांचा जोर ओसरतो, हे खरे कारण. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने उंदीर, पिसवा आणि ऋतुमान धरून नवी समीकरणे मांडली आणि जुने सूत्र या साथीला मुळात लागू पडत नव्हते असे दाखविले. रेघ टिंबांवरून गेली म्हणून कारण सापडले असे होत नाही. पदव्युत्तर वर्गात ही एक गोष्ट नीट उमजली, तर दोन वर्षे कारणी लागली असे म्हणावयास हरकत नाही.

याचा अनुभव अलीकडे साऱ्या देशाने घेतला. २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा तीन गटांचे तेच जुने समीकरण शेकडो रूपांत मांडले गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये शासनाने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने साथ शिखर ओलांडून गेली आहे आणि काळजी घेतल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती आटोक्यात येईल, असे अनुमान वर्तविले. मार्च २०२१ पासून दुसरी लाट उसळली. विषाणूचे नवे रूप येईल, हे समीकरणात नव्हते. म्हणून ते गणित टाकाऊ ठरत नाही. मात्र कोणत्या गृहीतांवर उत्तर उभे आहे, हे उत्तराबरोबर सांगणारा आणि ते ऐकून घेणारा अधिकारी, दोघेही लागतात.

आता अभ्यासक्रमाविषयी. या विषयास विद्यापीठात वेगळे स्थान मिळाले ते प्रथम अमेरिकेत. शिकागो विद्यापीठात निकोलस राशेव्हस्की यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये गणितीय जीवशास्त्राची समिती स्थापन झाली आणि तेथे डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण मिळू लागले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे १९८३ साली जेम्स मरी यांनी असे केंद्र काढले. अशा ठिकाणी विद्यार्थी कलनशास्त्र, अवकल समीकरणे, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि संगणकाची आज्ञावली लिहिणे, हे सारे शिकतो. त्याचबरोबर पेशी, जनुके, शरीरक्रिया किंवा रोगप्रसार यांपैकी एखाद्या शाखेत खोलवर जातो. अवघड असते ते हे दुसरे. गणिताच्या विद्यार्थ्याला समीकरण सोडविण्याची घाई असते. जीवशास्त्रज्ञाला प्रत्येक अपवाद सांगावयाचा असतो. दोघांनी एकमेकांचे ऐकून घेण्यास वर्ष-दीड वर्ष जाते. चांगले मार्गदर्शक यासाठी विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात बसवितात आणि आकडा कसा जन्मतो ते पाहावयास लावतात.

भारतात हे शिक्षण अनेक ठिकाणी विखुरलेले आहे. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची परंपरा सर्वांत जुनी. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत गणकीय जीवशास्त्रात संशोधन करता येते. मुंबईत देवनार येथे १९५६ पासून असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत जीवसांख्यिकी व लोकसंख्याशास्त्र यांचा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम आहे. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्राचे व २००३ मध्ये प्रतिमानीकरणाचे केंद्र निघाले. २०१४ पासून हे विद्यापीठ सावित्रीबाईंचे नाव धारण करते. पुण्यातच २००६ मध्ये भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे आरंभापासून पहिल्या वर्षांत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे चारही विषय सर्वांना शिकविण्याची पद्धत ठेवण्यात आली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. संशोधनाकडे वळणाऱ्यास राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळू शकते. कनिष्ठ संशोधकाची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली.

हा मार्ग पाश्चात्त्यांनीच चोखाळला असेही नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांना मराठी वाचक इतिहासकार म्हणून ओळखतो. ते व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक, आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना १९४४ च्या सुमारास त्यांनी आनुवंशिकीतील एक सूत्र प्रसिद्ध केले. गुणसूत्रावरील दोन जनुके पिढीगणिक किती वेळा एकमेकांपासून सुटतात, यावरून त्यांच्यातील अंतर कसे काढावे, हे ते सूत्र सांगते. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढताना ‘कोसंबी सूत्र’ जगभर आजही वापरले जाते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे दुसरे नाव. लंडनला संख्याशास्त्र शिकून ते पुढे रोम येथील अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. निवृत्तीनंतर पुण्यास राहून त्यांनी असे प्रतिपादन केले की एकाच निरोगी माणसाची आहाराची गरज दिवसागणिक कमीअधिक होते, तेव्हा सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरणे चूक आहे. पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्याला कडाडून विरोध केला. देशातील अर्धपोटी माणसे किती, हे या वादाच्या निकालावर अवलंबून होते. तो वाद गणिताचा होता, शरीरशास्त्राचा होता आणि शिधापत्रिकेचाही होता.

प्रश्न उरतो तो तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलामुलींचा. दहावीनंतर मुलगी डॉक्टरकीकडे जाणार म्हणून गणित सोडते, मुलगा इंजिनिअरिंगकडे जाणार म्हणून जीवशास्त्र सोडतो. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयात दोन्ही विषय एकत्र घेता येतात. पण तसे करू नका, गुण कमी पडतील, असा सल्ला घराघरांतून आणि पुष्कळदा शिक्षकांकडूनही मिळतो. प्रवेशपरीक्षेच्या दृष्टीने तो सल्ला खोटा नाही. मात्र वैद्यकीय प्रवेश हुकलेल्या हजारो हुशार मुलांपैकी ज्यांनी गणित ठेवले असते, त्यांना बी.एस्सी.नंतर जीवसांख्यिकीचे दार उघडे राहिले असते. औषधांच्या चाचण्यांत, कर्करोगाच्या नोंदणीत, आरोग्य विभागात, लसनिर्मितीत अशी माणसे लागतात. गणित सोडून दिलेल्या पदवीधराला ते दार पुन्हा उघडणे फार कठीण जाते; उलट गणित घेऊन पदवी मिळविलेल्यास जीवशास्त्र मागाहून शिकता येते. कोणत्या मुलाला काय सोडावयास सांगायचे, हे ठरविताना शिक्षकांनी हा फरक ध्यानी घ्यावा.

पंचायतीकडेही या विषयाचा एक धागा येतो. कर्मॅक व मॅकेंड्रिक यांच्यापुढे मुंबईच्या मृत्यूंचे आठवडेवार आकडे नसते, तर त्यांचा निबंध केवळ कागदी राहिला असता. त्या खेड्यातील २२३ घरे कोणीतरी एकेक करून मोजली होती. त्या मोजणाऱ्याचे नाव कोठेही नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. साथींची आठवडेवार माहिती २००४ मध्ये सुरू झालेल्या रोगसर्वेक्षण योजनेतून उपकेंद्रापासून वर जाऊ लागली आणि एप्रिल २०२१ पासून तिच्यासाठी देशभर संगणकीय व्यवस्था आली. यंत्रणा सुधारली, तरी पहिली नोंद गावातच होते. जुलाबाच्या साथीत एकूण रोगी किती, हा आकडा वर जातोच. रोगी कोणत्या घरातील, त्या घरात आणखी किती, आणि ते घर पाणी कोठून भरते, हे लिहून ठेवले जात नाही. हे तीन रकाने एखाद्या साध्या वहीत आखावयास आशा कार्यकर्तीला किंवा जलसुरक्षकाला फार तर अर्धा तास लागेल, आणि जिल्ह्याच्या गावी संख्याशास्त्र शिकणारा एखादा विद्यार्थी ती वही मागावयास आला, तर मॅकेंड्रिक यांचा हिशेब त्याला एका दुपारी करता येईल.